चोळीबांगडीचं शेत

"दाजी, आज त्या अमेरिकेतल्या म्हाताऱ्याला घरात आणायचं न्हाई," मामा म्हणाला. "सुपारी फुटेस्तोवर तरी न्हाई. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

आप्पा ओट्यावर बसून दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण होता. आरशातूनच मामाकडं बघून ते हसले.

"मी कशाला आणतोय? तो मरून जमाना झाला."

"तुम्ही रोज जित्ता करताय की त्याला. गेल्या खेपेला पाव्हण्यांच्या म्होरं पोहे यायच्या आधी जमीन मागितलीत. पाव्हणं पोहे न खाता गेलं."

"पोहे खाऊन गेले," आप्पा म्हणाले. "जमीन न देता गेले."

मी आत नारळ खवत होते. सगळं ऐकू येत होतं आणि मी मामाच्या बाजूची होते, हे आधीच सांगून टाकते. ज्यांची दाढी चालली होती ते माझे वडील, वाठेगावचे आप्पासाहेब खराडे, आमच्या भागाचे आमदार. त्या दिवशी माझी सोयरीक पक्की व्हायची होती. मला एकविसावं सरत आलं होतं. आता एकविसाव्या वर्षी पोरी मोबाइलवर खिदळत असतात, पण तेव्हा मला घोडनवरी म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. याआधी दोन स्थळं मोडली होती, ती आप्पांच्या कॉलेजपायी.

या कॉलेजचं खूळ आलं कुठून, तर अमेरिकेतून. दोन वर्षांपूर्वी सरकारनं काही आमदारांना तिकडची शेती बघायला पाठवलं होतं. बाकीच्यांनी येताना घड्याळं आणली, नायलॉनच्या साड्या आणल्या. आप्पांनी एक गोष्ट आणली. तिथल्या एका शेतकी कॉलेजच्या दारात त्यांना एका माणसाची तसबीर दिसली. पांढरे कल्ले, काळा कोट. कोण हा म्हणून त्यांनी चौकशी केली आणि मग त्या माणसाचं सगळं आयुष्यच विचारून घेतलं. मागल्या शतकातला मोठा जमीनदार. राजकारणात पडला, त्यांच्या मोठ्या सभेत निवडून गेला, आणि तिथं उठून म्हणाला, वकिलाच्या पोराला कायदा शिकवता तशी शेतकऱ्याच्या पोराला माती शिकवा. लोक हसले. नांगर धरायला शाळा कशाला, म्हणाले. यानं आपल्या शेताचा तुकडा तोडून दिला, शेजाऱ्यांपुढं झोळी पसरली आणि कॉलेज काढलं. पुढं हेडमास्तर मिळेना तर आपणच जाऊन खुर्चीवर बसला.

ही गोष्ट आप्पा देवळात सांगत, चावडीवर सांगत, मयतीला गेले तरी परतताना सांगत. पण एक होतं, त्या माणसाचं वाईटही ते झाकत नसत. "त्याच्या शेतावर गुलाम राबायचे," ते म्हणत. "बाजारातनं विकत आणलेली माणसं. ते काय तसबिरीखाली लिहिलेलं नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं."

आई म्हणायची, "त्याला एकदा जेवायलाच बोलवा. काय वाढायचं ते मी वाढते त्याच्या पानात."

सरकारनं सांगितलं होतं, नदीकाठी एकसलग जमीन लोकांनी द्यावी, मग कॉलेज मंजूर. आप्पांनी आपल्या वाट्याची जमीन आधी दिली. आजूबाजूच्यांनी कुरकुरत का होईना दिली. पण मधोमध, अगदी पाण्याला लागून, कडसूरच्या बळवंतराव इंगवल्यांचा मळा होता. तो मिळाला नाही तर पाणी नाही, आणि पाणी नाही तर कॉलेज दुसऱ्या तालुक्याला जाणार. आप्पा दोनदा त्यांच्या दारी जाऊन आले. बळवंतरावांनी चहा पाजला, उसाच्या भावाचं बोलले आणि वाटेला लावलं.

आणि मामानं नेमकं त्याच बळवंतरावांच्या मुलाचं स्थळ आणलं. मुलगा बघायला आला तेव्हा त्यानं घाबरून चहा सदऱ्यावर सांडला आणि डोक्यावरची टोपी काढून तिनंच पुसला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. मला रघुनाथ तिथल्या तिथं आवडला होता.

दुपारी इंगवले मंडळी आली. बळवंतराव, त्यांचे भाऊ, गावचे दोन जाणते. सोप्यात घोंगडी अंथरली, त्यावर चादर. आम्ही बायका माजघरात, दाराच्या फटीला डोळे लावून. आप्पा शपथ घातलेल्या पोरासारखे मांडी घालून गप्प बसले होते.

"आमचं काय मागणं न्हाई," बळवंतराव म्हणाले. "मुलगी आन् नारळ. आप्पासायबांच्या घरची पोर म्हटल्यावर हुंड्याचं नाव काढायची सोय हाय का?"

सगळे हसले. आप्पा तेव्हा गावोगाव हुंड्याविरुद्ध बोलत होते. कायदा यायचा होता, त्याच्या आधीच ते सभेत लोकांना उभं करून हात वर करायला लावत, हुंडा देणार नाही, घेणार नाही. मामाची कळी खुलली. त्यानं ताटात सुपारी ठेवली आणि अडकित्ता उचलला.

"थांबा जरा," बळवंतराव म्हणाले. "आप्पासाहेब, कालेजाचं अडलंय म्हणं?"

आप्पांनी मामाकडं बघितलं.

"बोला की."

"मला आज बोलायची बंदी आहे," आप्पा म्हणाले.

पुन्हा हशा झाला. बळवंतरावही हसले. "मग मीच बोलतो. तुम्ही दोनदा आलासा, मी च्या पाजून लावून दिलं. आज देतो. नदीकाठचा सारा मळा देतो. तुमची लेक आमच्या घरात येती, तर आमचा मळा तुमच्या कालेजात जाऊ दे. फिट्टंफाट."

माजघरात काकूनं मला असा चिमटा काढला की मी ओरडलेच असते. माझं लग्नही आणि आप्पांचं कॉलेजही, एका बैठकीत. मला वाटलं, आता आप्पा उठून त्यांना मिठीच मारतील. पण मी फटीतून बघितलं तर आप्पांचा चेहरा उतरला होता.

"बळवंतराव, हाच मळा आधी दिला असतात तर तुमचे पाय धुतले असते," ते म्हणाले. "आज नको."

"का वो?"

"आपल्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. जमीन कशी घेऊ? उद्या लोक म्हणतील, खराड्यानं लेक देऊन मळा घेतला."

"लोक काय, कायबी म्हणतील."

"म्हणतील ते तिला. मला नाही."

यात खोटं काही नव्हतं. पोरीच्या बापानं पोरीचं काही घेतलं तर आमच्याकडं त्याला देज खाल्लं म्हणतात, आणि ते त्या पोरीला जन्मभर ऐकावं लागतं. आमच्या आळीतच एक होती. भाजीत मीठ जास्त झालं तरी तिची सासू म्हणायची, तुला पैसे मोजून आणलीय. हे मला माहीत होतं आणि तरी मी मनात म्हणत होते, आप्पा, घ्या हो, घेऊन टाका. मग आप्पांनी नको तेच केलं. मामानं डोळे मिटून घेतले.

"अमेरिकेत एक माणूस होऊन गेला," आप्पा म्हणाले. "त्यानं कालेज काढलं, फार मोठं काम केलं. पण त्या कालेजच्या पायात विकत घेतलेली माणसं आहेत. माझ्या कालेजच्या पायात माझी लेक नको."

बळवंतरावांचं तोंड लालबुंद झालं. "म्हंजे मी लेक इकत घ्याय आलोय तुमच्या दारात?"

"तसं नाही म्हणालो."

"तसंच म्हणालासा. उठा रं."

मंडळी उठायला लागली. ताटात सुपारी अख्खी होती. मला त्या वेळी आप्पांचा इतका राग आला, इतका राग आला, की हातातला नारळ त्या अमेरिकेतल्याच्या टाळक्यात घालावा असं वाटलं. तिसरं स्थळ मोडत होतं आणि या खेपेला मला ते हवं होतं.

तेवढ्यात आई माझ्या शेजारून उठली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि दारात जाऊन उभी राहिली. पाहुण्यांपुढं तोंड उघडणं तर सोडा, बैठकीत तिचं पाऊलसुद्धा कधी पडलं नव्हतं.

"पाव्हणं, बसा," ती म्हणाली. "माझं चोळीबांगडीचं शेत हाय."

माझ्या आजोबांनी लग्नात तिला ते तोडून दिलं होतं, लेकीच्या चोळीबांगडीला माहेरचं असावं म्हणून. त्यावर नवऱ्याचाही हात चालत नाही. त्यातल्या शेंगा, त्यातली मिरची, सगळं तिचं. आणि तिच्यामागं ते मला यायचं होतं.

"त्ये तुम्ही घ्या," आई म्हणाली. "तुमच्या मळ्याच्या बदली. ह्ये देणं न्हाई आन् घेणं न्हाई, अदलाबदल हाय. मग माझी लेक कुणी इकली न्हाई आन् कुणी घेतली न्हाई."

बळवंतराव हळूच खाली बसले. माणूस वाईट नव्हता, हे मी त्यांच्या घरात जन्म काढून सांगते. पण त्यांची एक नड होती.

"वैनी, तुमचं म्हणणं रास्त हाय," ते म्हणाले. "पर मला मळा वडलांच्या नावानं दान द्यायचा हुता. कालेजच्या कमानीवर त्यांचं नाव यावं म्हणून. बदली शेत घेतलं म्हटल्यावर दान कसलं? लोक हसतील." मग त्यांनी आवाज खाली आणला. "असं करू. अदलाबदल करू. पर लोकांत मळा मी दान दिला असंच ऱ्हाऊ दे. तुमचं शेत लेकीला दिलं म्हणा."

"म्हणजे हुंडा," आप्पा म्हणाले.

"आंदण म्हणा की."

"शेत इंगवल्यांच्या नावावर चढणार. त्याला लोक आंदण म्हणत नाहीत." आप्पा कुणाकडंच बघत नव्हते. "मी लोकांना हात वर करायला लावलेत, बळवंतराव."

"दाजी, लोक चार दिस बोलत्याल," मामा काकुळतीला येऊन म्हणाला. "मग इसरत्याल."

आप्पा बराच वेळ चादरीची दशी ओढत बसले. मग त्यांनी मला हाक मारली. "आक्का."

मी उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. मान खाली.

"शेत तुला यायचं होतं. तू सांग. देऊ?"

तेव्हा विचारायचं होतं, आप्पा, आणि तुमच्या नावाचं काय. मला कळत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं टोपीनं चहा पुसणारा रघुनाथ होता.

"द्या," मी म्हणाले.

"मग शब्द दिला," आप्पा बळवंतरावांना म्हणाले. "या सोप्यातली गोष्ट बाहेर जाणार नाही."

मामानं सुपारी फोडली.

लग्न झालं, मी कडसूरला आले. सरकारची मंजुरी आली, मळ्यात चुन्याच्या रेघा पडल्या आणि पाया खणला गेला. आणि इकडं आईच्या शेतात इंगवल्यांचा नांगर फिरताना अख्ख्या पंचक्रोशीनं बघितला. चार दिवसांत लोक विसरले नाहीत. कसे विसरतील? पुढच्याच साली निवडणूक होती. विरोधकांना आयतंच मिळालं. हुंडाबंदीवाल्या आमदारानं लेकीच्या लग्नात शेत दिलं. आप्पा आले की पोरं मुद्दाम हात वर करून उभी राहायची. विहिरीवर बायका मला विचारायच्या, "खरं का गं?" मी घागर उचलून चालू लागायची.

आप्पांची शेवटची सभा कडसूरला, देवळापुढच्या पटांगणात होती. मळा देणारे दानशूर म्हणून माझे सासरे अध्यक्ष. बायका एका अंगाला बसल्या होत्या. माझ्या शेजारी सुंद्रा मोहिते बसली होती. सासरच्या आळीतली, माझ्या वयाची. कडसुरात मी नवी होते तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा तीच बोलली होती. आता माझ्या ओटीत शेंगा टाकत ती म्हणाली, "खा. तुझा बाप बोलाय लागला की लवकर थांबत न्हाई."

आप्पा कॉलेजबद्दल बोलले. जूनमध्ये पहिला वर्ग भरणार म्हणाले. ज्यांनी नावं घातली होती ती पोरं पुढंच बसली होती. भाषण संपत आलं आणि गर्दीतून सुंद्राचा भाऊ ज्ञानू उठला.

"आप्पासाहेब, एक इचारायचं हाय."

"विचार."

"गेल्या साली तुमच्याच सभेत मी हात वर केला हुता. हुंडा देणार न्हाई म्हणून. भणीचं लगीन ठरलं हुतं. पाव्हण्यांनी मागितलं, मी न्हाई म्हटलं, लगीन मोडलं. ती अजून घरात हाय." बायका वळून सुंद्राकडं बघायला लागल्या. तिनं शेंगा सोलायच्या थांबवल्या. "आता तुम्ही सांगा. तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही हुंडा दिला का न्हाई?"

ज्ञानू ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

आप्पांना एकच वाक्य बोलायचं होतं. अदलाबदल केली, कॉलेजसाठी. ते खरं होतं. पण ते बोलले असते तर शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस दानशूर राहिला नसता, आणि मी त्या माणसाच्या घरात नांदत होते. मी पदराआडून सासऱ्यांकडं बघितलं. दोन्ही हात काठीवर, नजर पायांकडं. मला खरंच वाटलं, ते उठतील. रघुनाथ पुरुषांत बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं. तो चपलेचा अंगठा चाचपत होता.

आप्पांनी हात जोडले.

"दिला," ते म्हणाले. "तुझ्यापुढं मी खोटा पडलो, ज्ञानू. तुझ्या बहिणीची मी माफी मागतो."

मग मागं कुणीतरी शिट्टी वाजवली आणि हसणं सुरू झालं. पुढं बसलेली, कॉलेजात नाव घातलेली पोरं, तीच आधी उठून गेली. आप्पा हात जोडून उभेच होते. सासरे उठले नाहीत. लाजेनं माझं अंग जळत होतं. बापाची अशी शोभा होतेय आणि मी पदर दातांत धरून बसलेय, याची लाज. सासऱ्यांची लाज, नवऱ्याची लाज. एक आप्पांची तेवढी वाटली नाही.

सुंद्रानं माझा हात धरला. तिला वाटलं मी बापाच्या पापाला रडतेय.

"रडू नगं," ती म्हणाली. "आजवर माझी कुणी माफी मागितली न्हवती. पाव्हण्यांनी न्हाई, दादानं न्हाई. मला भर सभेत हात जोडणारा तुझा बापच निघाला."

मला तिच्याकडं बघवेना.

आप्पा निवडणुकीत पडले, आणि चांगले आपटून पडले. जूनमध्ये कॉलेज भरलं. कमानीवर माझ्या आजेसासऱ्यांचं नाव आहे, आजही आहे. सुंद्राला पुढं एका बिजवराला दिली. तो गेल्यावर ती पांढऱ्या कपाळानं माहेरी आली आणि तेव्हापासून आम्ही दोघी रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसतो. आप्पा गेले, आई गेली, मामा गेला. सासरे गेले तेव्हा अंत्ययात्रेत कॉलेजची सगळी पोरं चालली होती. रघुनाथ गेला.

आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी सुंद्राला सगळं सांगितलं. सोपा, सुपारी, आईचं शेत, सासऱ्यांची अट, सगळं. आप्पांवरचा डाग एका माणसाच्या मनातून तरी पुसला जाईल असं मला वाटलं. सांगताना मला हलकं वाटत होतं. "आप्पांनी हुंडा दिलाच नव्हता गं," मी म्हणाले. "ते सगळं शब्दापायी."

सुंद्राचे डोळे आता अधू झालेत, ती समोर कुठंतरी बघत होती.

"मग माझी माफी कुणी मागितली गं?" ती म्हणाली.